‘आतड्यातले सैनिक’ आणि न्यूयॉर्कचे बारा रुग्ण : एका व्हायरल संदेशाचा प्रतिवाद

‘तुमच्या आतड्यातच कॅन्सरचा काळ दडला आहे’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या मराठी कुटुंबांच्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सॲप गटांमधून फिरतो आहे. एरवी अशा मजकुराकडे काणाडोळा करण्याची सवय आपल्या सर्वांनाच झाली आहे. परंतु शौचावाटे रक्त जात असल्यामुळे डॉक्टरांनी सुचवलेली दुर्बिणीची तपासणी आमच्या आतोबांनी याच संदेशाच्या भरवशावर पुढे ढकलली आणि ‘आधी एकवीस दिवस आतडी साफ करून बघतो’ असे घरात जाहीर केले, तेव्हा गप्प बसण्याची सोय उरली नाही.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे : शरीराची ऐंशी टक्के प्रतिकारशक्ती आतड्यात असते, आतड्यातील ‘सैनिक पेशी’ मोठ्या आतड्याचा कॅन्सर स्वतःच नष्ट करतात, आणि न्यूयॉर्कमध्ये बारापैकी बारा रुग्ण शस्त्रक्रिया व केमोविना बरे झाले हा त्याचा पुरावा आहे, केमो या सैनिकांना मारते, म्हणून ती नाकारावी, एरंडेल, त्रिफळा, हळद आणि ताक यांचा एकवीस दिवसांचा क्रम सैनिकांना जागे करतो, आणि गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला (बायॉप्सी केली) की कॅन्सर पसरतो, म्हणून तो काढू देऊ नये.

ऐंशी टक्क्यांचा आकडा संदेशकर्त्याने स्वतः रचलेला नाही, एवढे मान्य करावे लागेल. सत्तर किंवा ऐंशी टक्के प्रतिकारशक्ती आतड्यात असते, हे वाक्य दही-पेयांच्या जाहिरातींपासून डॉक्टरांच्या भाषणांपर्यंत सर्वत्र आढळते. मात्र इस्रायलमधील वाइझमन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी 2023 मध्ये शरीरातील प्रतिकारक पेशींची मोजदाद मांडली, तेव्हा सुमारे 1.8 लाख कोटी पेशींपैकी बहुतांश पेशी अस्थिमज्जेत आणि लसिकाग्रंथी, प्लीहा यांसारख्या अवयवांत निघाल्या. आतड्याच्या वाट्याला थोडेच टक्के आले. प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा मोठा हिस्सा आतड्यात असतो, हे खरे आहे, आणि अर्ध्या सत्याचा उगम बहुधा तिथेच असावा. पण हा मुद्दा किरकोळ आहे. आतड्यात पेशी किती आहेत, यावरून त्या कॅन्सरचे काय करू शकतात हे ठरत नाही.

खरा घोळ न्यूयॉर्कच्या बारा रुग्णांच्या दाखल्यात आहे, कारण दाखला खरा आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष घातक आहे. मेमोरियल स्लोन केटरिंग या रुग्णालयातील अँड्रिया सर्सेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जून 2022 मध्ये गुदाशयाच्या (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या) कॅन्सरच्या बारा रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या सर्वांना डोस्टारलिमॅब नावाचे औषध दर तीन आठवड्यांनी, सहा महिने, शिरेवाटे देण्यात आले आणि बाराही जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली. कोणालाही शस्त्रक्रिया, केमो किंवा रेडिएशन लागले नाही. 2025 पर्यंत गुदाशयाच्या अशा एकोणपन्नास रुग्णांनी उपचार पूर्ण केले होते आणि त्या सर्वांमध्ये हाच परिणाम दिसला. कॅन्सरच्या इतिहासात इतके निखळ यश क्वचितच पाहायला मिळते आणि त्याचे कौतुक करताना हात आखडता घेण्याचे कारण नाही.

पण संदेशात औषधाचे नावच नाही! ‘आतड्यातील सैनिकांनी बरे केले’ एवढेच लिहून ज्या औषधामुळे हे घडले ते गाळून टाकणे, ही चूक भाबडेपणाची असेल असे मला वाटत नाही. टी-पेशी म्हणजे रोगट पेशींना ओळखून मारणाऱ्या प्रतिकारक पेशी. त्यांच्या पृष्ठभागावर पीडी-1 नावाचा एक रेणू असतो आणि तो ब्रेकसारखे काम करतो. गाठीतील पेशी हा ब्रेक दाबून टी-पेशींना थोपवून धरतात. डोस्टारलिमॅब तो ब्रेक सोडवते. म्हणजे रुग्णांच्या टी-पेशी आधीपासून तिथे होत्या, गाठीच्या आसपास आणि आतही होत्या, आणि तरीही गाठ वाढतच होती. आतड्यातील पेशींना एकट्याने हे काम जमत नव्हते, हेच या प्रयोगाने दाखवून दिले. संदेशकर्ता त्याच प्रयोगातून नेमका उलटा अर्थ काढतो.

संदेशाने गाळलेली दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. हे सर्व रुग्ण एका विशिष्ट प्रकारच्या कॅन्सरचे होते. पेशी विभागताना डीएनएची नक्कल करताना होणाऱ्या चुका दुरुस्त करणारी ‘एमएमआर’ नावाची एक यंत्रणा असते. एमएलएच1, एमएसएच2, एमएसएच6 आणि पीएमएस2 ही तिची प्रमुख चार प्रथिने. या रुग्णांच्या गाठींमध्ये ती यंत्रणा बंद पडलेली होती. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी साधारण पाच ते दहा टक्के असतात. दुरुस्ती बंद पडली की चुका साठत जातात, त्यातून विचित्र प्रथिने तयार होतात, आणि टी-पेशींना ती परकी म्हणून ओळखता येतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये याच जातीचे दुसरे औषध, पेम्ब्रोलिझुमॅब, वापरून केलेल्या अभ्यासात हा फरक आकड्यांत दिसतो : दुरुस्ती बिघडलेल्या गाठींत सरासरी 1782 जनुकीय बदल आढळले, दुरुस्ती शाबूत असलेल्या गाठींत अवघे 73. मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कॅन्सरचे पहिल्या प्रकारचे दहा रुग्ण होते, त्यांपैकी चौघांच्या गाठी आकसल्या. दुसऱ्या प्रकारचे अठरा रुग्ण होते. त्यांपैकी एकाचीही गाठ आकसली नाही. औषध तेच, आतडे तेच, ‘सैनिक’ही त्याच जातीचे, आणि निकाल अठरापैकी शून्य. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे बहुसंख्य रुग्ण या दुसऱ्या गटात मोडतात, आणि त्यांच्या हाती न्यूयॉर्कचा दाखला देऊन त्यांना शस्त्रक्रियेपासून परावृत्त करणे याला फसवणूक याखेरीज दुसरे नाव नाही.

प्रतिकारक पेशींना या आजारात काहीच महत्त्व नाही, असे मात्र कोणी समजू नये. उलट, त्यांचे महत्त्व मोजून दाखवणारा एक भक्कम अभ्यास उपलब्ध आहे, आणि संदेशाच्या चिंधड्या करण्यास तो एकटा पुरेसा आहे. पॅरिसमधील जेरोम गॅलॉन यांच्या गटाने 2006 मध्ये असे मांडले की, मोठ्या आतड्याच्या गाठीत टी-पेशी किती दाटीने आहेत आणि नेमक्या कुठे आहेत, यावरून रुग्णाचे पुढे काय होईल याचा अंदाज बांधता येतो. त्यातून ‘इम्युनोस्कोर’ ही पद्धत तयार झाली : गाठीच्या मध्यभागी आणि तिच्या वाढत्या कडेला सीडी3 व सीडी8 या खुणांच्या टी-पेशी मोजायच्या. तेरा देशांतील चौदा केंद्रांनी, ज्यांत भारतही होता, ती 2681 रुग्णांवर पडताळून पाहिली आणि निष्कर्ष 2018 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आले. अभ्यासाच्या पहिल्या गटात पाच वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण टी-पेशी भरपूर असलेल्यांमध्ये 8 टक्के, मध्यम असलेल्यांमध्ये 19 टक्के आणि कमी असलेल्यांमध्ये 32 टक्के होते. फरक मोठा आहे. संदेशकर्त्याला हा अभ्यास ठाऊक असता, तर त्याने तोही आनंदाने चिकटवला असता.

तो चिकटवण्याआधी त्याने एक साधा प्रश्न विचारायला हवा होता : या पेशी मोजल्या कुठे? शस्त्रक्रियेने कापून काढलेल्या गाठींमध्ये. या अभ्यासातील रुग्ण पहिल्या ते तिसऱ्या टप्प्यातील होते आणि त्यांची शस्त्रक्रिया झालेली होती. टी-पेशी जिथे सर्वाधिक होत्या तिथेही गाठ आपोआप विरघळली नव्हती. ती काढावी लागली, आणि काढल्यानंतरही शंभरातील आठ जणांमध्ये आजार परतला. ‘आतड्यातील सैनिक पुरेसे आहेत’ या विधानाला याहून स्पष्ट उत्तर मला तरी सापडलेले नाही.

केमोच्या मुद्द्याचा निकालही याच कामातून लागतो. केमोमुळे पांढऱ्या पेशी घटतात, हे खरेच आहे; प्रत्येक फेरीपूर्वी रक्ताची तपासणी होते ती त्यासाठीच, आणि त्या काळात ताप आला तर तडक रुग्णालय गाठायला सांगतात तेही त्यासाठीच. इथपर्यंत संदेश बरोबर आहे. पण त्यावरून केमो आणि टी-पेशी एकमेकांच्या वैरी ठरत असतील, तर टी-पेशी भरपूर असलेल्या रुग्णांना केमोचा तोटा व्हायला हवा होता. तिसऱ्या टप्प्यातील रुग्णांवर इम्युनोस्कोर लावून 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात नेमके उलटे दिसले : केमोचा लाभ ठळकपणे मिळाला तो टी-पेशी भरपूर असलेल्या गटालाच. हे निरीक्षणात्मक विश्लेषण असल्याने त्यावर सगळा भार टाकता येत नाही. परंतु ‘केमो सैनिकांना मारते, म्हणून कॅन्सर जिंकतो’ या तर्काची बाजू त्यात कुठेच दिसत नाही.

एरंडेल आणि त्रिफळ्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पोट साफ होईल. टी-पेशींवरचा पीडी-1 मात्र जागचा हलणार नाही. ताक प्यावे, भाज्या आणि तंतुमय आहार जरूर घ्यावा, त्याला कोणाचीच हरकत नाही. ‘सैनिकांना जागे करणे’ या कल्पनेतील गृहीतक मात्र तपासायला हवे, कारण आतड्यातील प्रतिकारक पेशी सदैव आपल्याच बाजूने असतात, असे त्यात धरून चालले आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजारात) याच पेशी वर्षानुवर्षे चेतलेल्या राहतात आणि त्यातून मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आतड्याच्या अस्तरात गस्त घालणाऱ्या गॅमा-डेल्टा टी-पेशींचे उदाहरण तर फारच बोलके आहे. न्यूयॉर्कच्याच रॉकफेलर विद्यापीठातून 2022 मध्ये आलेल्या संशोधनात असे दिसले की, सुरुवातीला या पेशी गाठ तयार होण्यास अटकाव करतात. परंतु गाठ रुजली की तिच्यात शिरलेल्या याच कुळातील काही पेशी आयएल-17 नावाचा रेणू सोडून तिच्या वाढीलाच हातभार लावतात. दुसरीकडे, नेदरलँड्समधील संशोधकांनी 2023 मध्ये दाखवले की, दुरुस्ती बिघडलेल्या काही गाठी नेहमीच्या टी-पेशींपासून लपतात, तेव्हा पीडी-1 रोखणाऱ्या औषधानंतर गॅमा-डेल्टा पेशीच त्यांच्यावर तुटून पडतात. एकाच कुळातील पेशी एका परिस्थितीत तारतात आणि दुसरीत घात करतात. अशा वेळी ‘जागे करा’ म्हणजे नेमके कोणाला आणि केव्हा, हे एरंडेलाच्या चमच्याने कसे ठरवावे? जिवाणूंचीही तीच गत आहे : फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जिवाणू आपल्या एका प्रथिनाने प्रतिकारक पेशींवरील टिजिट या रेणूला पकडून त्यांना निष्क्रिय करतो, हे जेरुसलेमच्या संशोधकांनी 2015 मध्येच मांडले आहे.

उरला तुकड्याचा मुद्दा, आणि सर्वाधिक नुकसान याच मुद्द्याने होते. अंडकोषाच्या गाठीसारख्या काही मोजक्या ठिकाणी डॉक्टर स्वतःच सुई लावणे टाळतात, एवढी वस्तुस्थिती या भीतीमागे असू शकते; पण दुर्बिणीतून आतड्याच्या आतल्या बाजूने घेतलेल्या चिमूटभर तुकड्यामुळे मोठ्या आतड्याचा कॅन्सर पसरतो, याला कोणताही आधार नाही. साध्या पॉलिपपासून (आतड्याच्या अस्तरावरील लहान वाढीपासून) कॅन्सर होण्यास बहुधा दहा-एक वर्षे लागतात, आणि दुर्बिणीच्या त्याच तपासणीत पॉलिप काढून टाकता येतो, म्हणजे कॅन्सर होण्याआधीच प्रकरण मिटवता येते. आपल्याकडे शौचावाटे रक्त दिसले की ‘मूळव्याध असेल, उष्णता वाढली असेल’ म्हणून महिनोन्‌महिने काढले जातात. त्या विलंबात या संदेशाने आणखी एकवीस दिवसांची भर घातली आहे, आणि एकवीस दिवसांनी रक्त थांबले नाही तर काय करायचे, याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

ज्या बारा रुग्णांच्या जिवावर हा सारा मजकूर उभा आहे, त्यांतील प्रत्येकाचा तुकडा आधी काढलेला होता, कारण दुरुस्तीची यंत्रणा बंद पडली आहे की नाही हे त्या तुकड्यावरूनच ठरते. ज्याने तुकडा काढू दिला नाही, त्याला आपण त्या पाच-दहा टक्क्यांत आहोत हे कधीच कळणार नाही, आणि लाखांच्या घरात जाणारे ते औषध परवडत असले तरी कोणी त्याला देणार नाही. ही चार प्रथिनांची तपासणी आपल्याकडील मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत आणि खासगी प्रयोगशाळांतही होते. तुकड्याचा अहवाल हाती आल्यावर त्यात एमएमआरचा निष्कर्ष नसेल, तर तो का नाही, हे डॉक्टरांना विचारावे.