आनंद परत मागता येतो
ख्रिस्ती माणसाच्या आनंदावरचा लेख आवडला. देवावरचा भरवसा डळमळला की आनंद आटतो, हे अगदी खरं. पण ‘ख्रिस्ती माणसाने सदैव हसतमुख असावं’ हे वाक्य पटलं नाही. चर्चच्या मंडळीत दुःखात बसलेल्या माणसाला ते फार जड जातं.

बायबलमधला हबक्कूक संदेष्टा अंजिराला फुलोरा नाही, वेलींना द्राक्षं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, हे सगळं आधी स्पष्ट सांगतो आणि मग परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन म्हणतो. पंडिता रमाबाईंचं पाहा ना. आईवडील दुष्काळात गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. तरी केडगावचं निराधार स्त्रियांसाठीचं मुक्ती मिशन आणि बायबलचं भाषांतर त्यांनी सोडलं नाही. हा भरवसा मला कुठल्याही हसऱ्या चेहऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

आणि आनंद हरवलाच, तर दावीद राजा बायबलमधल्या ५१व्या स्तोत्रात तो देवाकडेच परत मागतो. आपण ते स्तोत्र पश्चात्तापासाठी म्हणतो, पण तारणाचा, म्हणजे पापातून सुटकेचा, हर्ष पुन्हा मागणाऱ्या त्या ओळीवर फारसे थांबत नाही. लेखकाने पुढे विलापाच्या स्तोत्रांवरही जरूर लिहावं, ही मनापासून विनंती.