ऑक्सिजन सेन्सरची पिन काढण्याआधी

लातूर, बीड, नांदेडकडच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘जुन्या पेट्रोल गाडीचा ऑक्सिजन सेन्सर गेला तर पैसे घालू नका. तो फक्त प्रदूषणासाठी असतो. पिन काढून टाका, अॅव्हरेज वाढेल. नाहीतर पेट्रोलमध्ये भिजवून परत बसवा. पीयूसी निघतेय ना, मग झालं.’ लिहिणाऱ्याचा राग कळतो. चेक इंजिनचा दिवा लागला की स्कॅनर न लावताच सेन्सर बदलून बिल हातात ठेवणारे आपल्याकडे कमी नाहीत. पण सांगितलेला उपाय खिशालाच चाट लावणारा आहे.

‘फक्त प्रदूषणासाठी’ हे अर्धंमुर्धं खरं. बऱ्याच गाड्यांत सेन्सर दोन असतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (सायलेन्सरमध्ये धूर शुद्ध करणाऱ्या डब्याच्या) मागचा मुख्यतः कन्व्हर्टर काम करतोय का, एवढंच बघतो. इंजिनाकडचा, म्हणजे पुढचा, मात्र धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल कमीजास्त करतो. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला साधारण 14.7 किलो हवा लागते. 20 टक्के इथेनॉल मिसळलं की त्याहून कमी. आपल्याच कारखान्यांतलं इथेनॉल आता टाकीत येतंय, आणि जुन्या गाडीत हा फरक सांभाळून घेणारा हाच सेन्सर आहे.

‘पिन काढा, अॅव्हरेज वाढेल.’ नेमकं उलटं होतं. सेन्सरची खबर बंद झाली की ईसीयू ठरावीक आकड्यांवर गाडी चालवतो, आणि इंजिनाला धोका नको म्हणून बहुतेकदा पेट्रोल थोडं जास्तच सोडतो. न जळालेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं, तो तापून आतून वितळू शकतो. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असतं. त्याच्या किमतीत सेन्सर किती येतील ते दुकानात विचारून बघा.

खरा प्रश्न सेन्सर मेलाय का, हा आहे, आणि दिव्यावरून ते कळत नाही. स्कॅनर लावून कोड वाचा. पी0135 आला तर तक्रार पुढच्या सेन्सरला आतून तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटची. कधी नुसता फ्यूज उडालेला असतो. ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर आखाड्यावर उभ्या गाडीत शिरतात आणि वायरिंग कुरतडतात. चार तारांच्या सेन्सरवर सहसा एकाच रंगाच्या दोन तारा हीटरच्या असतात. कपलर सोडून त्यांना मल्टिमीटर लावा. काही ओहम दाखवले तर हीटर जिवंत, काहीच नाही दाखवलं तर गेला. पी0171 (मिश्रणात पेट्रोल कमी) आला तर आधी सेन्सरच्या अलीकडचा सायलेन्सरचा जोड बघा. आपल्या रस्त्यांवर तो चिरतोच. चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर प्रामाणिकपणे ‘ऑक्सिजन जास्त’ म्हणतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. असल्या गाडीला नवा सेन्सरही तेच सांगणार.

हे सगळं ठीक निघालं तर गरम इंजिन अडीच हजार आरपीएमवर धरून मोबाइलला जोडलेल्या स्कॅनरवर सेन्सरचं व्होल्टेज बघा. जुन्या धाटणीचा पुढचा सेन्सर 0.1 ते 0.9 व्होल्टच्या दरम्यान भराभर खालीवर करतो. 0.45च्या आसपास रेंगाळला किंवा सावकाश हलला तर म्हातारा झाला समजा. (नव्या गाड्यांतल्या वाइडबँड, म्हणजे मिश्रणाचं प्रमाण बारकाईने मोजणाऱ्या, सेन्सरला ही कसोटी लागू नाही.)

पेट्रोलमध्ये भिजवणं सोडा. काळी काजळी हवा-पेट्रोलचं मिश्रण सुधारलं की आपोआप जळून जाते. पांढरट थर असेल तर तो सिलिकॉन सीलंट किंवा कूलंटमधला. पेट्रोलने निघत नाही, आणि कूलंट इंजिनात जातंय का हेही बघावं लागेल.

पीयूसीचं म्हणाल तर ती उभ्या गाडीची काही मिनिटांची तपासणी. चढावर सेन्सर किती आळसतो, ते तिला दिसत नाही.

मेसेजचं एक मान्य: मागचा सेन्सर गेलाय, आरसी वर्षभरात संपतेय आणि पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण करायचंच नाही, तर तो नाही बदलला तरी चालेल. पुढचा खात्रीने गेला असेल तर बदलाच. काढताना इंजिन कोमट असू द्या. गंजलेल्या सायलेन्सरवर थंडपणी 22चा पाना जोरात फिरवला तर सेन्सरसोबत आटेही बाहेर येतात.