हिप्परग्याचा तलाव आटला म्हणून मेला नाही

उन्हाळा लागला की सोलापुरात एक मेसेज फिरू लागतो: हिप्परग्याचा तलाव आटला म्हणजे मेला, काठचा चिखल पडीक आहे, भराव टाकून सरळ भिंत बांधा, बाग करा, पक्षी पाण्यावर राहतीलच. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे. मागणी मात्र तलावाच्या मुळावर येणारी आहे.

हा तलाव मुळात माणसाने केलेला. आदिला नदीवर मातीचा बांध घालून इंग्रजांच्या काळात, १८७१ मध्ये तो पुरा झाला. सरकारी कागदांवर त्याचं नाव एकरुख. शेतीला पाणी द्यायलाच बांधलेला तलाव उन्हाळ्यात खाली जाणारच. त्यात आपल्याकडे पावसाची मोठी भिस्त सप्टेंबरवर. तो हुकला की पाणी लवकर तळाला जातं, चांगला झाला की तलाव पुन्हा भरतो.

आता तो 'पडीक' चिखल. पाणी मागे सरकतं तसा रोज ओला गाळ उघडा पडतो. त्यात किडे, अळ्या, गोगलगायी असतात आणि तुतारी, चिखल्या या काठच्या छोट्या पक्ष्यांचं सगळं खाणं तिथेच. शेकाट्या पक्ष्याला नीट बघा: लांब गुलाबी पाय, सुईसारखी चोच, आणि चरतो तो घोट्याएवढ्या पाण्यात. खोल पाण्याचा त्याला काय उपयोग? लडाख-तिबेटकडून हिवाळ्यात येणारे पट्टकदंब हंससुद्धा काठच्या गवतावर आणि आजूबाजूच्या कोवळ्या पिकांत चरतात. सरळ भिंत उभी राहिली की ही उथळ पट्टीच संपली. मग उरतील वारकरी नावाचे पाणपक्षी, पाणकावळे आणि चार बदकं.

आटण्याचा आणखी एक फायदा मेसेजवाल्यांच्या गावीही नाही. पाणी उतरलं की उघडी बेटं वर येतात. नदीसुरय पक्षी अशाच जागी मार्च ते मेच्या दरम्यान अंडी घालतो. काठावरच्या टिटवीचंही तसंच. घरटं म्हणजे नुसता खळगा, अंडी खड्यांच्या रंगाची. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत.

गाळ साठल्याची तक्रार मात्र रास्त आहे. गाळाने साठवण घटते, आणि तोच गाळ माळरानावर पडला तर शेत सुधारतं. तेव्हा जरूर काढा, पण बांधालगतच्या खोल भागातून. काठाचा उतार तासू नका, आणि पोकलेन उतरवण्याआधी तिथली बेटं कुणा जाणत्या पक्षीनिरीक्षकाला दाखवून घ्या.