‘पंधरा हजारांत पाच देश’: त्या मेसेजचं एकदा काय ते होऊन जाऊ द्या

परभणीहून भाच्यानं परवा रात्री एक मेसेज पुढं ढकलला आणि खाली एकच ओळ लिहिली: “मामा, आम्ही चौघं दिवाळीच्या सुट्टीत निघालोय.” विचारलं नाही, नुसतं कळवलं. तोच मेसेज नांदेड-लातूरच्या कॉलेजांच्या ग्रुपवरही फिरतोय, म्हणून हे सगळ्यांसाठीच लिहितो.

मेसेज थोडक्यात असा: विद्यार्थ्यांनो, फक्त ₹१५,००० मध्ये थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस आणि नेपाळ. व्हिसाची कटकट नाही, आधार कार्ड पुरे. परतीचं तिकीट विकत घेऊ नका, ॲपवर बनवून दाखवा. तिकडं स्कूटर भाड्यानं घ्या, इन्शुरन्स म्हणजे लूट. पैसे संपले तर ‘तिथल्या ऑफिसात महिनाभर डेटा एंट्री करा, सगळा खर्च वसूल’.

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण बाकीच्या चुकांत पैसे जातील, इथं पोरगं जाईल.

पर्यटक म्हणून आत गेलेल्या माणसाला त्या देशात काम करायची परवानगी नसते. हॉस्टेलच्या काउंटरवर बसून फुकट खाट मिळवली तरी तो मोबदलाच धरला जाऊ शकतो. पकडलं तर दंड आणि हद्दपारी. पण मेसेजात ‘ऑफिस’ म्हटलंय आणि खरी भीती तिथं आहे. आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं २४ सप्टेंबर २०२२ ला याच प्रकाराबद्दल जाहीर सूचना काढली होती. थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ची नोकरी, डेटा एंट्रीचं आमिष, जाहिरात सोशल मीडियावर, एजंट दुबईचे नाहीतर इथलेच. आणि पोरांना बेकायदा सीमा ओलांडून बहुतेक वेळा म्यानमारमध्ये नेऊन डांबलं जातं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. चार वर्षं होत आली, तरी मेसेज तोच.

हे घडतं कसं, ते बघा. बँकॉकच्या विमानतळावर गाडी घ्यायला येते. ‘ऑफिस जरा लांब आहे’ म्हणत ती वायव्येला माए सोतकडं निघते, म्हणजे जवळजवळ ५०० किलोमीटर. तिथं मोएई नदी. पलीकडं म्यानमारचं म्यावाडी. नदी ओलांडली की पासपोर्ट काढून घेतात आणि परदेशी लोकांशी गोड बोलून त्यांना खोट्या क्रिप्टो गुंतवणुकीत उतरवायचं काम देतात. त्यातनं सुटलेला पोरगाही सरळ घरी येत नाही. त्याच्या पासपोर्टवर थायलंडमधून बाहेर पडल्याचा शिक्का नाही, म्यानमारमध्ये शिरल्याचाही नाही, म्हणजे कागदोपत्री गुन्हेगार तोच. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमानं माए सोतला पाठवून दोन दिवसांत ५४९ भारतीय परत आणावे लागले.

ओळखायचं कसं? मुलाखत व्हॉट्सॲपवर, प्रश्न फक्त टायपिंगच्या स्पीडचा, तिकीट ते काढणार, ‘इमिग्रेशनला टुरिस्ट म्हणून सांग’ आणि ‘वर्क परमिट आल्यावर करू’. यातली दोन वाक्यं कानावर आली तरी फोन ठेवून द्या. एजंट नोंदणीकृत आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. आणि साधा विचार करा ना, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला डेटा एंट्रीसाठी स्वतःच्या खर्चानं बँकॉकला नेणारा एवढा उदार कोण निघालाय?

आता आधार कार्ड. ते ओळखपत्र आहे, प्रवासाचा कागद नाही. पासपोर्टच लागतो: ३६ पानी, फी ₹१,५००, तात्काळ हवा तर वर ₹२,०००. घर केजला आणि राहणं संभाजीनगरच्या हॉस्टेलात असेल, तर अर्जात कुठला पत्ता टाकायचा ते आधी ठरवा. हॉस्टेलचा टाकणार असाल तर कॉलेजचं बोनाफाइड जोडा, नाहीतर पोलीस व्हेरिफिकेशनला शिपाई एका गावात आणि तुम्ही दुसऱ्या. पासपोर्टची मुदतही प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी शिल्लक हवी.

व्हिसाचं म्हणाल तर थायलंडनं नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना माफी दिली, एवढं मेसेजात अर्धं खरं आहे. पण असल्या सवलती त्या सरकारच्या मर्जीवर, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी तपासायच्या आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा. शिवाय १ मे २०२५ पासून पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दलालाची समजा. व्हिएतनामला ई-व्हिसा लागतोच (एकट्या फू क्वॉक बेटाला तेवढी सूट): एका प्रवेशाचे २५ डॉलर, मुदत ९० दिवसांपर्यंत, नाकारला तरी फी परत नाही. यात आपली पोरं हमखास एका जागी चुकतात. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत असतं, स्वतःचं आणि वडिलांचं नाव दुसऱ्या ओळीत. फॉर्म भरताना वडिलांचं नाव गाळलं की व्हिसा एका नावाचा, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, आणि चेक-इनला अडकलात. पासपोर्टच्या तळाला बाणासारख्या खुणांच्या दोन ओळी असतात, त्यात नाव जसं छापलंय तसंच्या तसं उतरवा. विमानाच्या तिकिटावरही तेच.

परतीचं तिकीट ‘बनवायची’ आयडिया ज्यानं काढली त्याला कोपरापासून नमस्कार. तुम्हाला तिकडून परत पाठवलं तर विमान कंपनीलाच फुकट आणावं लागतं, वर बऱ्याच ठिकाणी दंड. म्हणून मुंबई-हैदराबादच्या काउंटरवरचा माणूस पीएनआर टाकून बघतो. नाही सापडला की बोर्डिंग पास नाही, आणि जायच्या तिकिटाचे पैसेही बुडाले.

स्कूटरचा मुद्दा कुणी नीट सांगत नाही. आरटीओ आपल्याला जे आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट देतं ते १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचं. व्हिएतनाम मानतं १९६८ च्या व्हिएन्ना कराराचं. म्हणजे आपलं परमिट खिशात असूनही तिथं तुम्ही विनापरवानाच. दुकानदार गाडी देतो, कारण त्याला भाड्याशी मतलब. पडलात, पाय मोडला, की इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न लायसन्सचाच विचारतो आणि क्लेम नाकारतो. थायलंडमध्ये परमिट चालतं, पण त्यावर दुचाकीचा शिक्का हवा. हजार-बाराशेचा इन्शुरन्स लूट नाही, पॉलिसीतलं दुचाकीचं कलम न वाचता गाडीवर बसणं हा मूर्खपणा आहे.

पंधरा हजारांचा हिशेब तर मांडूनच बघा. व्हिएतनामचे दहा दिवस: जाण्यायेण्याचं विमान साधारण २२ हजार, डॉर्ममधली खाट ६ हजार, खाणं ७ हजार, तिथल्या बस-रेल्वे ५ हजार, व्हिसा सव्वादोन, इन्शुरन्स एक, आणि इथून मुंबई किंवा हैदराबाद गाठून परत यायचे दीड हजार. झाले पावणेपंचेचाळीस. नांदेड-लातूरकरांनी हैदराबादचे दर आधी बघावेत, मुंबईचे नंतर.

स्वस्त तिकिटात हातातलं सामान बहुधा ७ किलो, तेही दोन्ही पिशव्या मिळून. रिकामी सॅकच दीड-दोन किलोची भरते. घरून ठेचा दिला तर तो सुरक्षा तपासणीत पातळ पदार्थात जातो, शेंगदाण्याची कोरडी चटणी घ्या. आणि दुबई किंवा सिंगापूरला विमान बदलणार असाल तर आजीचे अनारसे घरीच राहू द्या. खसखशीवर दोन्हीकडं बंदी आहे.

कार्डाचं थोडक्यात: नवीन डेबिट कार्डावर परदेशातला वापर मुळात बंद असतो, तो बँकेच्या ॲपवरून इथंच सुरू करा, कारण तिकडं ओटीपी यायला सिम चालू नसतं. मशीननं ‘रुपयात घेऊ का’ विचारलं तर नको म्हणा, त्या दरात तुमचंच नुकसान. रोख डोंग (व्हिएतनामचं चलन) हाताळताना २०,००० ची आणि ५,००,००० ची नोट दोन्ही निळ्या, अंधारात तर सारख्याच दिसतात. मोठी वेगळ्या कप्प्यात ठेवा.

राहिलं नेपाळ. इथं मेसेजवाल्याला निम्मे मार्क द्यावेच लागतात. व्हिसा नाही, आपल्या १०० रुपयांचे तिथले १६० होतात, आणि पंधरा हजारांत आठ-दहा दिवस खरंच निघतात. मनमाड-भुसावळकडून गोरखपूरची रेल्वे, तिथून सोनौली, सीमा पायी ओलांडून भैरहवा, पुढं पोखऱ्याची बस. अन्नपूर्णाच्या भागात चालायचं तर परवान्याला सार्क देशांच्या लोकांना १,००० नेपाळी रुपये, बाकी परदेशी लोकांना ३,०००, तेव्हा काउंटरवर भारतीय असल्याचं आधी सांगा. पण आधार इथंही चालत नाही. ती सवलत १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांना. तुमच्या वयाला पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. भाच्याच्या चौघांपैकी तिघांकडं दोन्हींपैकी एकही नाही. दिवाळीला निघायचं असेल तर मतदार नोंदणीचा फॉर्म ६ या आठवड्यात भरा.