मालवाहू विमानातील धुराचा इशारा आणि ‘आधी खात्री करा’ हा सल्ला

‘मालवाहू विमानात धुराचा इशारा आला तर तो बहुधा खोटाच असतो, अनुभवी वैमानिक आधी मागे जाऊन खात्री करतो, सर्किट ब्रेकर काढून पुन्हा लावतो आणि मगच परत फिरायचे की नाही ते ठरवतो, शेवटी विमानात मालच असतो, प्रवासी नव्हेत’ अशा आशयाचा मजकूर सध्या फिरत आहे. वैमानिकाचे प्रशिक्षण घेणाऱ्या माझ्या भाच्याने तो ‘मामा, हे बरोबर आहे ना?’ असे विचारत मला पाठवला, तेव्हा गप्प बसणे अशक्य झाले.

इशारे बहुधा खोटे असतात, हे नाइलाजाने मान्य करतो. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या 2000 सालच्या अभ्यासात एका खऱ्या घटनेमागे सुमारे 200 खोटे इशारे आढळले होते. धूळ, दमटपणा, फळाफुलांतून सुटणारी वाफ एवढ्यानेही धूरशोधक फसतो. पण इशारा खोटा होता हे कळते ते उतरल्यावर, माल तपासल्यावर.

‘मागे जाऊन पाहा’ हा सल्ला मात्र निव्वळ घातक आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये अटलांटाहून फिलाडेल्फियाला निघालेल्या यूपीएस या मालवाहतूक कंपनीच्या डीसी-8 विमानात, उतरायला वीस-पंचवीस मिनिटे असताना, लाकूड जळाल्यासारखा वास येऊ लागला. फ्लाइट इंजिनिअरने मागे जाऊन टॉर्चच्या उजेडात पाहिले. वास मागच्या बाजूला अधिक होता, पण धूर कुठेच दिसला नाही. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबी या संस्थेनुसार आग बंद कंटेनरात धुमसत होती आणि धुराचा इशारा आला तो विमान टेकण्याच्या थोडाच वेळ आधी. तिघे कर्मचारी बचावले, विमान मात्र जळाले. म्हणजे जाऊन पाहणाऱ्याला काही दिसले नाही, एवढ्यावरून आग नाही असे कसे म्हणायचे?

आणि पाहण्यात वेळ घालवायचा तो कोणता? 3 सप्टेंबर 2010 रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएसच्याच 747 विमानात, ज्यात लिथियम बॅटऱ्या होत्या, इशारा मिळाल्यापासून यंत्रणा बिघडू लागेपर्यंत अवघी अडीच मिनिटे गेली, असे अमिरातीचा चौकशी अहवाल सांगतो. दोहा जवळ असूनही विमान दुबईकडे वळवले गेले, कॉकपिटमध्ये धूर इतका दाटला की समोरची उपकरणे दिसेनात, आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले.

सर्किट ब्रेकरबद्दल फार लिहायला नको. ब्रेकर काढून धूरशोधकाची वीज तोडली की इशारा थांबतो, धूर नव्हे. तारा जळाल्या तरीही तो थांबू शकतो.

‘मालच आहे’ या युक्तिवादात तर उलटाच अर्थ दडलेला आहे. मालवाहू विमानांच्या मुख्य डेकवर, म्हणजे माल ठेवण्याच्या मुख्य मजल्यावर, सहसा आग विझवणारा वायू सोडण्याची सोय नसते. हवेचा पुरवठा तोडून आणि विमानातील हवेचा दाब उतरवून आग फक्त दाबून ठेवायची असते. म्हणून आधी ऑक्सिजन मास्क चढवायचा, विमान जवळच्या योग्य धावपट्टीकडे वळवायचे आणि चेकलिस्टचे उरलेले मुद्दे वाटेत पुरे करायचे. खात्री करण्याचे काम खाली उभ्या असलेल्या अग्निशमन दलाचे आहे, आणि त्यांच्याकडे उष्णता टिपणारे कॅमेरे असतात.