एका परातीत जेवणं म्हणजे मुक्तद्वार नव्हे

पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलच्या जेवणाचे फोटो टाकले की दोन तऱ्हेच्या कमेंट ठरलेल्या. एक, "ईऽऽ, सगळे एकाच भांड्यात हात घालतात?" दुसरी, "किती छान, काही भेदभावच नाही!" मला दोन्ही पटत नाहीत.

तिथल्या राजधानीत, डकारला, एका सहकाऱ्याच्या घरी शुक्रवारी दुपारी जेवायला बोलावलं होतं. चटईवर मधोमध भलीमोठी गोल परात, तिच्यात चेबुजेन: टोमॅटो घालून माशाच्या पाण्यात शिजवलेला लालसर भात, वर मासा, कसावा, गाजर, कोबी आणि एक कडसर वांगं. हात धुऊन गोल बसलो. काहींनी चमचे घेतले, मी हातानेच जेवले.

आणि मग कळलं की इथली शिस्त आपल्या बुफेत औषधालाही सापडणार नाही. आपल्या समोरचा भाग तेवढा आपला. शेजाऱ्याकडे हात जायचा नाही, मधल्या माशाकडे तर नाहीच. मासा तोडायचं काम घरच्या आईंचं. त्या बोटांनी काटे काढून तुकडे एकेकाच्या पुढ्यात सरकवत होत्या. पाहुणी म्हणून माझ्याकडे जरा जास्तच! मी "सुर ना" (पोट भरलं) म्हणाले, तर त्या "लेक्कल, लेक्कल" (खा, खा) करत आणखी एक तुकडा ढकलून मोकळ्या. लहान मुलाला डाव्या हाताने परातीची कड धरून बसवलेलं. परात हलत नाही आणि तो हातही भटकत नाही. यात उष्टंखरकटं कुठे आलं?

"भेदभाव नाही" म्हणणाऱ्यांनाही सांगते, बऱ्याच मोठ्या घरांत पुरुषांची परात वेगळी, बायकामुलांची वेगळी. पंक्तिभेद बघितलेल्या आपल्या लोकांनी तरी एवढ्यात भारावून जाऊ नये. मला आवडलं ते वेगळंच: कुणाला काय मिळणार हे रांधणारी ठरवते आणि कुणी हूं की चूं करत नाही.

चवीचं म्हणाल तर माशाला चिरा देऊन आत लसूण, मिरची, पार्सलीचं वाटण भरतात, अगदी आपल्या भरल्या पापलेटासारखं. सुक्या माशाचा आणि आंबवलेल्या शंखाच्या मांसाचा वास पहिल्यांदा नाकात जातो, पण सुकट-बोंबिलावर वाढलेल्यांना त्याचं काय! तळाची खरवड मात्र मागून घ्या, तिच्यावर घरातल्यांचाही डोळा असतो.

या चेबुजेनचं माहेर सेनेगलमधलंच सँ-लुई शहर. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. भात असतो कणीचा. फ्रेंच राज्यकर्त्यांनी तिथल्या शेतकऱ्यांना भुईमुगाला जुंपलं आणि इंडोचायनातून तुकडा तांदूळ आणून विकला. त्याचीच चव बसली. आता बरीचशी कणी भारतातून जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये आपण तिची निर्यात काही काळ बंद केली होती, तेव्हा आपल्याकडे ती बातमी कितीजणांनी वाचली?

शाकाहारी मंडळी इनबॉक्समध्ये विचारताहेत म्हणून सांगते: वरचा मासा बाजूला करून भागणार नाही, भातच माशाच्या पाण्यातला असतो. बोलावणं आलं की आधीच सांगून ठेवा.