वरुणराजाला दहापैकी नऊ

मराठीचे शिक्षक, निबंधस्पर्धांचे परीक्षक आणि 'आमच्या पिंटूची भाषा जरा सुधारून द्या' म्हणणारे पालक यांच्या सेवेसी सादर. गेल्या आठवड्यात एका आंतरशालेय स्पर्धेचे 43 निबंध तपासायला आले. विषय 'पावसाळ्यातील एक दिवस'. 31 निबंधांत वरुणराजाचे आगमन झाले होते, 26 ठिकाणी धरणीमातेने हिरवा शालू नेसला होता, आणि एवढ्या पावसात भिजलेले कोणीच नव्हते. सहपरीक्षकांना गठ्ठा फार आवडला. तेव्हा शैली शिकवण्याचे हे शास्त्र एकदा लिहूनच काढू, म्हणजे उरलेली 12 पोरेही पुढच्या वर्षी मार्गाला लागतील.

सुरुवात मुलाला करू देऊ नये. पहिल्या चार ओळी फळ्यावर लिहून द्याव्यात. चौथ्या ओळीपर्यंत मूल इतके कंटाळलेले असते की पुढे स्वतःचे काही सुचण्याचा धोका उरत नाही.

मग साहित्य. 120 शब्दांच्या निबंधाला दोन उपमा, एक म्हण, एक सुविचार आणि कवितेच्या दोन ओळी पुरतात. ओळी बालकवींच्याच घ्याव्यात. त्यांची कविता श्रावणातल्या ऊनपावसाच्या लपंडावाची आहे आणि निबंधातला पाऊस मृगाचा, ढगफुटीसारखा कोसळणारा आहे, हा तपशील आड येऊ देऊ नये. परीक्षक महिना बघत नाहीत, अवतरणचिन्ह बघतात.

मुलाने 'आई' लिहिले असेल तर 'माउली' करून घ्यावे.

'म्हणून' खोडून 'त्यामुळे' करावे, 'त्यामुळे' खोडून 'परिणामस्वरूप'.

आत्मवृत्त असेल तर वस्तू कचराकुंडीतूनच बोलली पाहिजे, आणि शेवटी निवेदक 'भानावर' आला पाहिजे. भान आधी कुठे गेले होते हे आजवर कोणी विचारलेले नाही.

क्रियापदांचा बंदोबस्त वेळीच करावा. 'आम्ही झाड लावले' हे फारच उघडे वाक्य आहे. कोणी काय केले ते लगेच कळते. त्याचे 'आमच्याद्वारे वृक्षारोपण करण्यात आले' करावे. कृती होती 'लावणे', तिचे नाम करून टाकायचे. मग वाक्य लंगडे पडते, म्हणून त्याला 'करण्यात आले' ही कुबडी द्यायची. तीन शब्दांचे चार होतात, माती लागलेले हात दिसेनासे होतात आणि झाड समासात गाडले जाते. शिवाय मुलाची सरकारी परिपत्रके लिहिण्याची तयारी आठवीतच पूर्ण होते, हा फायदा वेगळाच.

आता मुख्य मंत्र. एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगता येते, हे मुलाला कधीही कळू देऊ नये. एकदा कळले की सगळा बंदोबस्त कोसळतो. 'पाऊस आला' ही साधी खबर. 'आला पाऊस' असे क्रियापद पुढे काढले की बोलणारा वाट बघत होता, निदान धास्तावून तरी बसला होता. 'पाऊस आलाच' मध्ये आधी कोणीतरी 'नाही येत रे' म्हणालेले असते. 'पाऊसपण आला' म्हटले की आधीच दोन कटकटी चालू आहेत. 'पावसाने गाठले' म्हणजे माणूस रस्त्यात आहे आणि छत्री घरी. 'पाऊस लागला' म्हणजे आता दोन-चार दिवस उघडीप नाही, लाकडे आत घ्या. कुठे शब्दांचा क्रम फिरला, कुठे एक 'च' चिकटला, कुठे क्रियापद बदलले, आणि दर वेळी वाक्यात वेगळा माणूस उभा राहिला. यातले कोणते घ्यायचे आणि का, ती निवड म्हणजे शैली. शैलीविज्ञानातली जाडजूड पुस्तके याच निवडीभोवती फिरतात. आणि आपण काय करतो? हे सगळे खोडून वर लाल शाईत 'वरुणराजाचे आगमन झाले' लिहितो. हे वाक्य कोणत्याही गावात, कोणत्याही वर्षी, कोणाच्याही तोंडी चालते. म्हणजे ते कोणाचेच नाही. प्रागचे साहित्यशास्त्रज्ञ यान मुकारॉव्हस्की यांनी 1932 साली हेच मांडले होते: वापरून वापरून भाषा आपोआप चालू लागते, तिच्याकडे लक्षच जात नाही, आणि लिहिणाऱ्याचे काम ते लक्ष पुन्हा जागे करण्याचे. वरुणराजा हे कोणे एके काळी रूपक असेल. आज तो ठरलेल्या वेळी येणारा कारकून आहे. त्याला आपण अलंकाराचे दोन मार्क देतो!

बोलीचा संसर्ग तर मुळीच होऊ देऊ नये. आजी निबंधात बोलली तरी तिने प्रमाण मराठीतच बोलावे, 'गेलं' म्हणू नये, 'गेले' म्हणावे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम, 1962 चे 14 आणि 1972 चे 4, आपण उठता बसता मुलांच्या डोक्यात मारतो. त्याच नियमांत बोलण्यातली वाक्ये लिहिताना 'असं केलं', 'मी म्हटलं' असा अनुस्वार द्यायला सांगितले आहे. ते वाचण्याची तसदी घेऊ नये. नियम मुलांसाठी असतात.

त्या गठ्ठ्यात तळाशी एक निबंध होता. विदर्भातल्या मुलीचा. 'पाणी येऊन राहिलं होतं. बाबा थैलीतलं बियाणं मोजून राहिले होते.' वरुणराजा नाही, शालू नाही. पुढे आजी म्हणते, अजून एक पाणी पडू दे, मग पेर. समोर लाल शाईत सहपरीक्षकांचा शेरा: 'पावसाचे वर्णन कोठे आहे? अलंकार नाहीत. बोलीभाषा टाळावी.' दहापैकी तीन.

वर्णन कोठे आहे? अहो, तेच तर आहे! पुरेशी ओल व्हायच्या आत पेरले आणि पावसाने दडी मारली तर दुबार पेरणी, म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नका असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. ते सगळे आजीच्या एका वाक्यात आले आहे. 'येऊन राहिलं', 'मोजून राहिले': दोन्ही वाक्यांत एकच रूप, दोन्ही कामे एकाच वेळी चाललेली, बाहेर पाणी आणि आत बाप. तुम्ही त्यावर रेघ मारून 'पाऊस पडत होता' केलेत आणि तो धागाच कापलात. संस्कृत काव्यशास्त्रकार वामनाने आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास 'रीति' हा काव्याचा आत्मा मानला, 'विशिष्ट पदरचना' अशी तिची व्याख्या केली आणि तीन रीतींत सर्व गुणांनी युक्त म्हणून पहिला मान दिला वैदर्भीला. नाव विदर्भावरून. परीक्षेत 'वैदर्भी रीतीची वैशिष्ट्ये लिहा' विचारता, आणि विदर्भातली पोर तिच्या तोंडचे वाक्य लिहून आणते तेव्हा तीन मार्क देता? लाज वाटत नाही?

'बोर्डात चालत नाही' हे सांगू नका. दहावीच्या कुमारभारतीत लेखनकौशल्याला 8 गुण आहेत. त्या आठांसाठी पाचवीपासून गाइड पाठ करून घेता, आणि मग मुलांना चार ओळींची ईमेल लिहिता येत नाही म्हणून इंग्रजी शाळांना शिव्या देता. 35 मिनिटांच्या एका तासाला एवढे तर होते: काल प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीवर पाच वाक्ये लिहायची. मोठ्याने वाचायची. दम लागेल तिथे वाक्य तोडायचे. प्रत्येक विशेषणावर बोट ठेवून पुन्हा वाचायचे. त्याच्यावाचून काही अडले नाही तर ते काढायचे. एक वाक्य शब्दक्रम बदलून तीनदा लिहायचे आणि कोणते ठेवले, का ठेवले, ते शेजारच्याला सांगायचे. फळा लागत नाही, गाइड लागत नाही. फक्त तुम्हाला प्रत्येक वही वाचावी लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

निकाल शनिवारी लागायचा आहे. तो निबंध गठ्ठ्यातून वर काढा, आधीचा आकडा खोडून नऊ करा, आणि खाली सही करा. वरुणराजावाल्या 31 जणांना वह्या परत देताना एवढेच विचारा, यातला कोणता दिवस तुझा?